गांधाराची रिकामी जागा



विषय पत्रिकेत छापून आल्यामुळे आज सभागृहात दोन तऱ्हेचे श्रोते दिसताहेत. पुढच्या रांगांत व्याख्यानमालेची नेहमीची मंडळी आहेत. त्यांच्या लेखी हेवी मेटल म्हणजे नातवाच्या खोलीचं दार लावून घ्यायला लावणारा गोंगाट. मागे भिंतीला टेकून काळ्या टी-शर्टातली काही तरुण मंडळी उभी आहेत. त्यांच्या लेखी जॅझ म्हणजे हॉटेलच्या लॉबीत, कुणी ऐको न ऐको, वाजत राहणारं काहीतरी. दोन्ही बाजूंची आज थोडी थोडी गैरसोय होणार आहे, तेवढी सोसा.

ज्याच्याविषयी बोलायचं आहे तो गिटारवादक अ‍ॅलेक्स स्कॉलनिक. जन्म १९६८ सालचा, कॅलिफोर्नियातल्या बर्कलेचा. घर प्राध्यापकांचं. वडील जेरोम स्कॉलनिक यांनी पोलिसांच्या कामकाजावर १९६६ मध्ये लिहिलेलं पुस्तक त्या शाखेत अजून वाचलं जातं. अशा घरातल्या मुलाला चेहरे रंगवून मंचावर आगी लावणाऱ्या ‘किस’ या बँडचं वेड लागलं. गिटार शिकायला तो जो सॅट्रियानीकडे गेला. सॅट्रियानी पुढे जगभर गाजला, पण तेव्हा तो बर्कलेत शिकवण्या करायचा. ‘मेटालिका’चा कर्क हॅमेट हाही त्याचाच विद्यार्थी.

पंधराव्या-सोळाव्या वर्षी स्कॉलनिक ‘लेगसी’ नावाच्या स्थानिक बँडमध्ये शिरला. पहिली रेकॉर्ड निघायची वेळ आली तेव्हा असं निघालं की हे नाव आधीच दुसऱ्या एका बँडनं नोंदवून ठेवलंय, आणि तो बँड जॅझ वाजवणारा होता! मग यांनी नाव बदलून ‘टेस्टामेंट’ केलं आणि जुनं नाव पहिल्या अल्बमला दिलं. ‘द लेगसी’ १९८७ मध्ये आला. तिथपासून १९९२ च्या ‘द रिच्युअल’पर्यंत पाच अल्बम झाले. ‘मेटालिका’, ‘एक्सोडस’, ‘डेथ एंजल’ यांच्या बरोबरीनं सॅन फ्रान्सिस्कोच्या आखातावरच्या या पोरांनी मेटलची जी वेगवान शाखा उभी केली, तिला थ्रॅश म्हणतात.

हा माणूस पंचविशीच्या आत हे सगळं सोडून देतो, काही वर्षांनी न्यूयॉर्कला जाऊन जॅझच्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसतो, आणि मग गिटार, डबल बास आणि ड्रम्स असा तिघांचा ताफा घेऊन ‘किस’ आणि ‘ब्लॅक सॅबथ’ची गाणी जॅझच्या अंगानं वाजवू लागतो. लोक याला बंडखोरी म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्यानं केलं ते जॅझमधलं सर्वांत जुनं, रुळलेलं काम. मात्र ते करण्यासाठी त्याला हाताची आणि कानाची एक सवय मुळापासून उलटी करावी लागली. आजचं व्याख्यान त्या सवयीबद्दल आहे.

तर आधी ती सवय.

मेटलचा पाया म्हणजे पॉवर कॉर्ड. मोठं नाव आहे, ऐवज अगदी थोडा: सा आणि प. गांधार नाही. हा कंजूषपणा कशासाठी? डिस्टॉर्शनमुळे. अँपला, म्हणजे गिटारच्या अँप्लिफायरला, पेलणार नाही इतका जोरकस सिग्नल दिला की ध्वनिलहरीचे माथे छाटले जातात. एकटा स्वर छाटला गेला तर तो फक्त जाड आणि करकरीत होतो. पण दोन स्वर एकत्र छाटले गेले की त्यांच्या कंपनांच्या बेरजा-वजाबाक्या होऊन नवे स्वर जन्माला येतात. सा आणि प यांचं प्रमाण २ ला ३. तीनातून दोन गेले, उरला १, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. गिटारवाल्यानं तो वाजवलेला नसतो, तरी तो छातीत जाणवतो. मेटलचा जो प्रचंड खर्ज तुम्हाला नको असतो, त्यातला काही हिस्सा हा असा फुकटचा आहे. आता २ आणि ३ मिळवा. होतात ५, म्हणजे वरच्या सप्तकातला गांधार! तानपुऱ्यातल्या स्वयंभू गांधारावर या सभागृहात तासन् तास बोललं गेलेलं आहे. अँपमध्येही एक स्वयंभू गांधार असतो, हे आज त्यात नोंदवून ठेवू.

मग गिटारवाल्यानं स्वतःच गांधार दाबला तर काय होईल? गिटारचे पडदे समान अंतराच्या सप्तकावर बसवलेले असतात. त्यातला गांधार नैसर्गिक प्रमाणापेक्षा किंचित चढा लागतो. पेटीच्या गांधारावरून आपल्याकडे काय रणं माजली ते आठवा. दुखणं तेच आहे. स्वच्छ आवाजात ही तफावत खपून जाते. डिस्टॉर्शनमध्ये तिचीही बेरीज-वजाबाकी होते आणि कॉर्डचा चिखल होतो. म्हणून मेटलवाला सहसा गांधार गाळतो. तो कोमल की शुद्ध, म्हणजे मामला उदास की उजळ, हे तो गायकाच्या सुरावर किंवा सोलोवर सोपवतो.

आता जॅझ गिटार पाहा. जॅझच्या ताफ्यात षड्ज धरायला बास असतो. कॉर्डमधला पंचम सोडला तरी फारसं बिघडत नाही. म्हणून जॅझ गिटारवादक साथ करताना सा आणि प हेच दोन स्वर आधी टाकून देतो आणि गांधार-निषाद ठेवतो. काउंट बेसीच्या बँडमध्ये अर्धशतकभर गिटार धरलेला फ्रेडी ग्रीन तर कित्येकदा चार तारांच्या जागी दोन-तीन तारांवरच भागवायचा. कॉर्ड कोणती आहे ते गांधार आणि निषाद सांगतात, आणि ती पुढे कुठे जाणार तेही तेच सांगतात.

म्हणजे मेटलवाला जे ठेवतो ते जॅझवाला टाकतो, आणि मेटलवाला जे टाकतो त्यावर जॅझवाल्याचा संसार चालतो. दोन्हीकडे वाद्य एकच, तारा सहाच, तरी हातांना लागलेलं वळण नेमकं उलटं! पहिल्या वळणात हजारो तास घालवलेल्या माणसाला पंचविशीनंतर दुसरं वळण लावून घ्यायचं होतं.

आणि गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. थ्रॅशमध्ये उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवून, आवाज दाबून, एकामागोमाग एक खालच्या दिशेनं आघात करायचे असतात. सगळे एका वजनाचे, एका लांबीचे. यंत्रासारखी सफाई हाच तिथला गुण. डिस्टॉर्शनमुळे हळू छेडलं काय, जोरात छेडलं काय, आवाज जवळजवळ सारखाच येतो आणि स्वर लांबवर टिकतो. ते काढून टाकलं की गिटार एकदम उघडी पडते. स्वर लगेच विझतो आणि बोटाचा प्रत्येक डळमळीतपणा ऐकू येतो. तिथे जॅझचं लयीचं झुलणं हवं: मात्रेचे दोन भाग असमान, दुसरा जरा मागे रेंगाळणारा. हे झुलणं आपल्याला अगदीच परकं नाही. १९५१ च्या ‘अलबेला’मधल्या सी. रामचंद्रांच्या चाली डोक्यात आणा. त्यांच्या मागे गोव्याचे आंतोनियो झेव्हियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, होते. मुंबईच्या जॅझ बँडांमध्ये तयार झालेले. ते झुलणं कागदावर लिहून देता येत नाही. सोबत वाजवून वाजवूनच अंगात येतं.

स्कॉलनिकला जॅझची ओढ ‘टेस्टामेंट’मध्ये असतानाच लागली होती. टीव्हीवर माइल्स डेव्हिसचा विजेच्या वाद्यांवरचा बँड त्यानं ऐकला आणि तो हलला, असं तो सांगत आला आहे. १९९२-९३ च्या सुमारास त्यानं बँड सोडला. तिथून सरळ जॅझकडे रस्ता गेला असं मात्र नाही. ‘सॅव्हेटाज’ या बँडचा गिटारवादक क्रिस ऑलिव्हा १९९३ मध्ये मोटार अपघातात गेला, तेव्हा त्याच्या जागी स्कॉलनिकनं १९९४ चा ‘हँडफुल ऑफ रेन’ वाजवला. १९९५ मध्ये इंग्लंडात नॉटिंगहॅमला ‘ब्लॅक सॅबथ’चा मूळ गायक ऑझी ऑसबोर्न याच्यासोबत एक कार्यक्रम केला. म्हणजे मेटलमधली सर्वांत मोठी खुर्ची हाताच्या अंतरावर होती. ती त्याला मिळाली नाही, आणि माझ्या मते ते बरंच झालं. ऑझीच्या गिटारवादकाला त्याच्या आधीच्या गिटारवादकाचे, रँडी ऱ्होड्सचे, सोलो जसेच्या तसे वाजवावे लागत. श्रोते सुरासुराचा हिशेब ठेवत. मेटलमध्ये सोलो बंदिशीसारखाच ठरलेला असतो. एक सूर हलला तर पब्लिक ओरडतं.

त्याला जे शिकायचं होतं ते याच्या विरुद्ध टोकाचं. न्यूयॉर्कच्या ‘न्यू स्कूल’मध्ये त्यानं जॅझचं रीतसर शिक्षण घेतलं आणि २००१ मध्ये पदवी मिळवली. कल्पना करा, ज्याची पोस्टरं भिंतीवर लावली गेली असा माणूस आपल्याहून आठ-दहा वर्षांनी लहान मुलांबरोबर स्वरांचे क्रम घोकत बसलाय, आणि त्या मुलांना ‘टेस्टामेंट’ हे नावही कदाचित ठाऊक नाही. तिथेच मॅट झेब्रॉस्की हा ड्रमर त्याला भेटला. जॉन डेव्हिसनं डबल बास धरला आणि २००२ मध्ये ट्रायोचा पहिला अल्बम आला. पुढे बासवर नेथन पेक आला.

अल्बमचं नाव ‘गुडबाय टु रोमान्स’. हे ऑझीच्या १९८० च्या पहिल्या एकल अल्बममधलं गाणं. नावाखाली उपशीर्षक होतं, त्याचा आशय असा की ही नव्या पिढीची स्टँडर्ड्स आहेत. या उपशीर्षकावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण अनेकांनी ते गमतीवारी नेलं.

जॅझमध्ये स्टँडर्ड म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेलं गाणं, ज्याचा आराखडा धरून प्रत्येकानं आपापला विस्तार करायचा. यातली पुष्कळ गाणी कुठून आली? न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरून. संगीत नाटकांमधून. जेरोम कर्नचं ‘ऑल द थिंग्ज यू आर’ १९३९ च्या ज्या नाटकातलं, त्याचे साठ प्रयोगही झाले नाहीत. नाटक कुणाच्या लक्षात नाही, पण ते गाणं वाजवता न येणारा जॅझवादक सापडायचा नाही. जॉन कोल्ट्रेननं ऑक्टोबर १९६० मध्ये ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा ते ज्यातलं गाणं आहे ते ‘द साउंड ऑफ म्युझिक’ रंगमंचावर येऊन वर्षही झालं नव्हतं. मुलांच्या ओठांवरचं गाणं, त्याचं कोल्ट्रेननं जवळपास चौदा मिनिटांचं चिंतन केलं.

हे या शहराला मी काय सांगावं! ‘मानापमान’ १९११ चं. गोविंदराव टेंब्यांच्या त्यातल्या चाली नाटकाचा पडदा पडल्यावर बैठकीत आल्या आणि तिथे ख्यालाच्या अंगानं पसरल्या. नाटकाचं कथानक विचारलं तर अर्धे श्रोते अडखळतील, पण पदाची फर्माईश चुकत नाही. बालगंधर्वांच्या पिढीनं आपल्या काळातलं लोकप्रिय संगीत बैठकीच्या हवाली केलं. कोल्ट्रेननं तेच केलं. १९६८ साली बर्कलेत जन्मलेल्या मुलाच्या कानावर कर्न किंवा गर्शविन लहानपणी फारसे पडले नसावेत. पडला तो ‘किस’, पडले ‘स्कॉर्पियन्स’ आणि ‘एरोस्मिथ’. त्यानं ‘डेट्रॉइट रॉक सिटी’, ‘ड्रीम ऑन’, ‘स्टिल लव्हिंग यू’ घेतली यात चमत्कारिक काही नाही. तो परंपरा पाळत होता. कर्नच वाजवत राहिला असता तर ती नक्कल झाली असती. हे करणारा तो एकटाही नव्हता. हर्बी हॅन्कॉकनं १९९६ मध्ये ‘द न्यू स्टँडर्ड’मध्ये ‘निर्वाना’चं गाणं घेतलं, ब्रॅड मेल्डाऊनं ‘रेडिओहेड’चं. फरक एवढाच की ते जॅझमधून रॉककडे वाकून पाहत होते, आणि हा पलीकडच्या घरातून आला होता.

आता प्रत्यक्ष एक तुकडा ऐकू. ‘वॉर पिग्ज’, ‘ब्लॅक सॅबथ’, १९७०. आधी मूळ.

(इथे ध्वनिमुद्रणाचा अंश ऐकवला.)

कडव्यात काय झालं ते लक्षात आलं? गिटार आणि बास मिळून दोन ठोके देतात, आणि थांबतात. फक्त ड्रम्समधली हाय-हॅट ही झांज चालू राहते. गायक एकटा गातो. पुन्हा दोन ठोके, पुन्हा गायक एकटा. जॅझमध्ये या युक्तीला स्टॉप-टाइम म्हणतात. लुई आर्मस्ट्राँगनं १९२७ मध्ये ‘पोटेटो हेड ब्लूज’मध्ये हीच मोकळी जागा आपल्या वादनानं भरली होती. ‘सॅबथ’चा ड्रमर बिल वॉर्ड जीन क्रुपा आणि बडी रिच यांना ऐकत वाढलेला. सुरुवातीचा तो जड, झुलता भाग बिग बँडच्या ड्रमरनं संथ केल्यासारखा आहे.

आणि गिटारवादक टोनी आयोमी? बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, सतराव्या वर्षी, त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची पेरं यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. सगळं संपलं असं वाटत असताना कारखान्यातल्या फोरमननं त्याला एक रेकॉर्ड ऐकवली: जँगो राइनहार्ट. जॅझ गिटारचा युरोपातला पहिला महापुरुष. १९२८ च्या आगीत जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती आणि ते वादन उरलेल्या दोन बोटांच्या बळावरचं होतं. आयोमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, बारीक तारा लावल्या, पुढे त्या उतरवून ढिल्याही केल्या. त्या उतरलेल्या तारांचा आवाज पुढे मेटलचा आवाज झाला. मेटलचा जनक जॅझच्या एका रेकॉर्डमुळे गिटारकडे परतला, ही हकीकत मागे उभ्या असलेल्या मंडळींना तोंडपाठ असेल. पुढच्या रांगांसाठी सांगितली.

आता ट्रायोचं ‘वॉर पिग्ज’.

(इथे ध्वनिमुद्रणाचा अंश ऐकवला.)

रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा, ओळखू येतो, पण आता ती जागा रिकामी नाही. मूळ गाण्यात जो गांधार गिटारनं लावलेला नव्हता, तो लावायची मुभा इथे गिटारला आहे. कोमल लावावा, शुद्ध लावावा, निषाद मिसळावा, धैवत चिकटवावा. मेटलचा रिफ जॅझला इतका सोयीचा ठरतो त्याचं कारण हेच. कर्नच्या गाण्यात स्वरसंगती आधीच दाटीनं भरलेली असते. ‘सॅबथ’च्या गाण्यात भिंती आहेत, सामान नाही.

सगळी गाणी अशी साधलेली नाहीत, हेही सांगतो. ज्या गाण्यात गाण्याजोगी चाल आहे तिथे ट्रायो फुलतो. ‘गुडबाय टु रोमान्स’ मूळचंच भावगीताच्या वळणाचं, ते सहज उतरतं. ज्यात आक्रमकता हाच मुख्य ऐवज आहे, तिथे ती काढून घेतल्यावर मागे हुशारी राहते, आणि हुशारीवर दुसऱ्यांदा ऐकावंसं वाटत नाही. ‘किस’च्या गाण्याबाबत माझं असं होतं. २००४ च्या ‘ट्रान्सफॉर्मेशन’मध्ये ‘डीप पर्पल’चं ‘हायवे स्टार’ आहे. तिथे पाया मजबूत आहे, कारण मूळ सोलो रिची ब्लॅकमोरनं बाखच्या धर्तीच्या स्वरक्रमावर बांधला होता. माझी स्वतःची आवड विचाराल तर ट्रायोच्या पुढच्या अल्बममधल्या स्कॉलनिकच्या स्वतःच्या रचना मला जास्त भावतात. तिथे ओळख पटण्याच्या आनंदाची कुबडी नसते.

तिघांच्या ताफ्याबद्दल एक गोष्ट राहिली. पियानो नाही, सॅक्सोफोन नाही. चाल गिटारनंच वाजवायची, कॉर्डही तिनंच द्यायच्या, आणि बासचा सोलो आला की बाजूला व्हायचं. ‘टेस्टामेंट’मध्ये एरिक पीटरसनची दुसरी गिटार भिंतीसारखी मागे उभी असे. स्कॉलनिकला सोलोपुरतं पुढे येऊन चमकता यायचं. ट्रायोत त्याला सगळ्यात मोठी विद्या शिकावी लागली असेल ती न वाजवण्याची. नायक बनून वाढलेल्या माणसाला ती जड जाते. आपल्याकडच्या काही एकलवादकांनाही जाते, नावं घेत नाही.

मेटलशी त्यानं फारकत घेतली असं समजू नका. ‘टेस्टामेंट’चा गायक चक बिली याला २००१ मध्ये कर्करोग झाला, तेव्हा त्याच्या उपचारांसाठी सॅन फ्रान्सिस्कोत मदतीचा कार्यक्रम झाला आणि स्कॉलनिक जुन्या सोबत्यांबरोबर त्यात वाजवायला उभा राहिला. बिली बरा झाला. २००५ मध्ये मूळ मंडळी पुन्हा जमली आणि २००८ च्या ‘द फॉर्मेशन ऑफ डॅम्नेशन’पासून तो बँडमध्ये पुन्हा पक्का बसला. तेव्हापासून दोन्ही चालू आहेत. एका दौऱ्यात हजारो लोकांसमोर अँपची भिंत, दुसऱ्यात छोट्या क्लबात ब्रशनं वाजणारे ड्रम्स. ट्रायोच्या २००७ च्या अल्बममध्ये त्यानं ‘टेस्टामेंट’चं १९८९ चं ‘प्रॅक्टिस व्हॉट यू प्रीच’ स्पॅनिश नाव देऊन लॅटिन ढंगात वाजवलंय. दुसऱ्यांची गाणी घेता घेता त्यानं स्वतःच्या तरुणपणालाच स्टँडर्ड करून टाकलं. वयाच्या विशीत केलेल्या गाण्यात त्यानं रिकामी ठेवलेली जागा अठरा वर्षांनी त्यानंच भरली.

वेळ संपत आली आहे. प्रश्नांआधी त्याच अल्बममधलं ‘टॉम सॉयर’ लावतो. मूळ गाणं कॅनडाच्या ‘रश’चं, १९८१ चं. त्यात मधला वाद्यांचा भाग सात मात्रांचा आहे. रूपक ज्यांच्या अंगात आहे त्यांनी मोजायला हरकत नाही. आधी ‘रश’, मग ट्रायो. ध्वनिव्यवस्थेच्या मंडळींना विनंती, आवाज जरा वाढवा. पुढच्या रांगेनं परवानगी दिली आहे असं मी गृहीत धरतो.